ढोम्याच्या कल्ल्यातले भाडेकरू

'परोपजीवी' हा शब्द कुणी शिवीसारखा वापरला की आमच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या बाई हातातलं काम ठेवून त्या माणसाकडे वळायच्या. मग तो प्राचार्य असो की कँटीनवाला. "बघितलाय का कधी परोपजीवी?" त्या विचारायच्या. समोरच्याने बघितलेला नसायचाच. मग त्याची प्रयोगशाळेत वरात. बाई त्याला सूक्ष्मदर्शकापुढे बसवत आणि ढोमा माशाच्या कल्ल्यात राहणारा एक जीव दाखवत. टाचणीच्या टोकाएवढा, काचेसारखा आरपार, मागच्या टोकाला वाकडे आकडे. त्या आकड्यांनी तो कल्ल्याला धरून बसतो आणि तिथेच जन्म काढतो.

"हा भाडेकरू आहे," बाई सांगायच्या. "जेवढ्यास तेवढं खातो. मालकाला मारत नाही. मालक मेला तर हा जाणार कुठे?"

त्या स्वतः गिरगावात एका वाडीत वडिलांच्या वेळेपासूनच्या भाड्याच्या दोन खोल्यांत राहायच्या, त्यामुळे हे बोलताना त्यांच्या स्वरात थोडी बिरादरीची भावना असायची. घर पूर्ण शाकाहारी. बाईंनी उभ्या आयुष्यात माशाचा तुकडा तोंडात घातला नाही. पण मासा पारखावा तर त्यांनी. पहाटेची बस धरून त्या कफ परेडच्या मच्छीमार नगरात जायच्या, होड्या लागत तिथे उभ्या राहायच्या आणि एकेका ढोम्याचं गालफड उचलून आत डोकवायच्या. तिथली एक कोळीण त्यांना कायम मासे द्यायची. तिला हा प्रकार कधीच पटला नाही.

"खात नाय तं यवरं बगतेस कनाला गो बाय?" ती विचारायची.

"तू विकतेस, तेव्हा खातेस का सगळे?" बाई म्हणायच्या.

यावर ती खो खो हसायची आणि दोन मासे जास्त टाकायची.

पुरुषी मनगटी घड्याळ, लुगड्यासारखं घट्ट खोचलेलं पातळ, फॉर्मॅलिनचा वास आणि ओली पिशवी. बसमध्ये बाईंच्या शेजारची जागा बहुधा रिकामी राहायची. "मला ऐसपैस बसायला मिळतं," त्या म्हणायच्या. बाईंना लोकांनी विचित्र म्हटलेलं माहीत होतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नसावं. एकदा आमच्या विभागप्रमुखांच्या मुलीच्या साखरपुड्याला जेवणात अख्खा पापलेट आला. बाई आपल्या ताटात श्रीखंड-पुरी घेऊन बसल्या होत्या. त्यांनी शेजारच्या पाहुण्याला अतिशय नम्रपणे विचारलं, "तुमचं डोकं खाऊन झालं की मला जरा बघायला द्याल का?" पाहुणा नवऱ्या मुलाचा मामा होता. तो उठूनच गेला.

मी त्या परळच्या कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले, ते गिरण्यांचा संप सुरू झाला त्याच वर्षी. आम्ही घोडपदेवला चाळीत राहायचो. वडील गिरणीत साचे चालवायचे, म्हणजे माग. संप लागला तेव्हा चाळीतले निम्मे पुरुष गावी गेले, कोकणात. बाबा गेले नाहीत. "उद्या भोंगो वाजलो तर?" म्हणायचे. उद्या काही येईना. सकाळी उठून दाढी करून, शर्ट घालून ते गॅलरीत बसायचे. घरात माझा पगार तेवढा येत होता आणि तो आल्याचं कुणी मोठ्याने बोलत नसे.

स्टाफरूममध्ये तेव्हा संपावर रोज चर्चा व्हायची. एक दिवस अर्थशास्त्राचे एक सर म्हणाले, "हे लोक म्हणजे शहरावरचे परोपजीवी झालेत." मी तिथेच होते. माझे वडील कुठे कामाला आहेत हे त्यांना माहीत नव्हतं. मी मान खाली घालून डबा खात राहिले. बाई मात्र खुर्ची सरकवून उठल्या.

"सर, तो विषय माझा आहे. मी सांगते. परोपजीवी स्वतः विणत नाही, पिंजत नाही, दुसऱ्याने केलेलं खातो. गिरणी कामगार त्या व्याख्येत बसत नाही. मालक बसतो का, ते तपासून सांगेन. पण मी ज्यांच्यावर काम करते ते निदान आपला मासा जगवतात."

स्टाफरूम हसली. सरही हसले. बाई हसल्या नाहीत, कारण त्या विनोद करत नव्हत्या.

त्याच आठवड्यात त्यांनी माझ्या हातात एक पिशवी दिली. आत ढोमे, कल्ले काढून घेतलेले. "मला फक्त कल्ले लागतात," त्या म्हणाल्या. "बाकीचा अख्खा मासा शिपाई उकिरड्यावर टाकतो. माझ्याने बघवत नाही. तुमच्याकडे खातात ना?"

आमच्याकडे खातात. आईने त्या संध्याकाळी तिरफळं घालून माशाचं तिखलं केलं. कित्येक दिवसांनी घरात तो वास आला होता. बाबा पाटावर बसले, वाटीकडे बघितलं आणि विचारलं, "मासो खंयचो?"

मी सांगितलं.

"दयेचो मासो माका नको," म्हणाले आणि भात ताकाशी खाऊन उठले. आईने मग स्वतःही खाल्लं नाही.

हे मी बाईंना सांगणार नव्हते, पण त्यांनी दुसऱ्या दिवशी विचारलं, "कसा झाला होता?" आणि मला खोटं बोलता येईना. बाईंनी ऐकून घेतलं. संध्याकाळी मी घरी पोचले तर बाई आमच्या खोलीत खाटेवर बसलेल्या आणि बाबा समोर उभे.

"दया वगैरे काही नाही," बाई त्यांना सांगत होत्या. "मला माणूस हवाय. कल्ल्याच्या एकेक दोऱ्यातून जंत सुटा करायचा असतो, सुईच्या टोकाने. ओढला की आकडा तुटतो. आकडा तुटला की तो कोण ते कळत नाही. विद्यार्थी घाई करतात. माझा उजवा हात हल्ली थरथरतो. तुमची मुलगी म्हणते की तुम्ही तुटलेला धागा चालत्या मागावर जोडता."

मी असं काही म्हटलं नव्हतं. पण ते खरं होतं.

"मी शिकलेलो नाय," बाबा म्हणाले.

"जंतही नाही," बाई म्हणाल्या.

बाबा आले. आधी दोन तास म्हणून, मग सबंध दिवस. खिडकीशी बसायचे, भिंगाखाली कल्ल्याची बशी, हातात सुई. कल्ल्याचे लालसर दोरे ते मागावरच्या ताण्यासारखे एका अंगाला लावून घ्यायचे आणि एकेक उलगडायचे. बाई शेजारच्या टेबलावर उजवं मनगट डाव्या हाताने धरून चित्रं काढायच्या. दोघं फारसं बोलत नसत. दुपारी बाई त्यांना चहा द्यायच्या आणि घरी जाताना मासे. त्याला आता कुणी दया म्हणत नव्हतं. तो सबंध हिवाळा आम्ही ढोमे खाल्ले. आईला त्या माशाचे इतके प्रकार येतात हे तिलाही तेव्हाच कळलं.

त्या हिवाळ्यात बाबांच्या बशीतून काही वेगळे जंत निघाले. ढोम्याच्या कल्ल्यातला नेहमीचा जंत जुना, ब्रिटिश काळात एका साहेबाने नाव दिलेला. त्याचे आकडे आखूड. हे दिसायला तसेच, पण आकडे लांब आणि टोकाला जास्त वळलेले. बाईंनी शेकड्यांनी तपासले. उन्हाळा लागला तसे ते दिसेनासे झाले, पुढच्या थंडीत पुन्हा दिसले. बाईंनी ठरवलं की ही वेगळी जात आहे, हिवाळी पाहुणी. पेपर लिहिला, तो छापून आला. आणि नव्या जातीला नाव देताना त्यांनी आमच्या आडनावाला लॅटिन शेपूट जोडलं. पहिला नमुना ज्याने काढला त्याचं नाव, असं त्यांनी पेपरात स्वच्छ लिहिलं होतं.

बाबांनी त्या पेपरातलं चित्र दादरला नेऊन फ्रेम करून आणलं आणि खोलीत गणपतीच्या फोटोशेजारी लावलं. शाईने काढलेला लांबट जंत, शेपटीला आकडे. येणारा-जाणारा विचारायचा, "ह्या काय?"

"ह्यो मी," बाबा म्हणायचे.

भोंगा वाजलाच नाही. बाबांची गिरण पुढे अर्धीमुर्धी चालू झाली, पण त्यांना परत घेतलं नाही. नंतर ती साफ बंद पडली. बाबा एका छापखान्यात पुस्तकबांधणीला लागले आणि तिथेच म्हातारे झाले. संपाचा विषय घरात निघाला की ते उठून गॅलरीत जायचे. मी शिकत गेले, पीएचडी झाले, बाईंच्याच जागेवर आले. बाई निवृत्त झाल्या तरी काचपट्ट्यांच्या पेट्या गिरगावच्या खोलीत घेऊन काम करत राहिल्या. वाडीतल्या लोकांनी फॉर्मॅलिनच्या वासाची तक्रार केली तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमच्या उदबत्तीची मी केली का?"

मग सिक्वेन्सिंग आलं. म्हणजे ते जगात आधीच आलं होतं, आमच्यासारख्यांच्या हाताशी यायला वेळ लागला. जंताचा डीएनए काढायचा, त्यातला ठरावीक तुकडा मोठ्या प्रयोगशाळेत पाठवायचा, तिथून चार अक्षरांची लांबच लांब ओळ येते. दोन जंतांच्या ओळी शेजारी ठेवायच्या आणि अक्षरं कुठे जुळत नाहीत ते बघायचं. दिसायला अगदी सारखे असलेले जीवही तिथे वेगळे निघतात.

मी बाईंना हे समजावायला गेले तेव्हा त्या सत्तरीच्या पुढे होत्या. त्यांनी लहान मुलीसारखे प्रश्न विचारले. मग त्यांच्या पेट्या पुढे ओढल्या. "यातले कुठले नेतेस?"

मला सांगावं लागलं की त्यातला एकही उपयोगाचा नाही. फॉर्मॅलिनमध्ये जंताचा आकार टिकतो, पण आतल्या डीएनएचे तुकडे होतात. नवीन जंत हवेत, अल्कोहोलमध्ये ठेवलेले.

बाई पेटीच्या झाकणावरून हात फिरवत बसल्या. "म्हणजे मी ज्यात त्यांना जपत होते," त्या म्हणाल्या, "त्यातच ते पुसले जात होते." आणि थोड्या वेळाने, "असू दे. समुद्र आहे ना अजून."

त्या पुन्हा पहाटेच्या बसने मच्छीमार नगरात जायला लागल्या. कोळीण आता राहिली नव्हती, तिची सून मासे द्यायची. मी म्हटलं, मी जाते. तर म्हणाल्या, "तू डोळे मिटून पिशवी भरतेस. मला माहीत आहे." उन्हाळ्यातले ढोमे, थंडीतले ढोमे, आखूड आकड्यांचे जंत, लांब आकड्यांचे जंत. आम्ही सगळे गोळा केले. बाबांच्या नावाचा जंतही त्यात होता. मला वाटत होतं की आता त्याच्यावर पक्कं शिक्कामोर्तब होईल.

निकाल आले. मी ते माझ्या टेबलावर पसरले आणि एकेक ओळ बोटाने जुळवत गेले.

लांब आकड्यांचा जंत आणि साहेबाचा आखूड आकड्यांचा जंत यांची अक्षरं एकच होती. वेगळी जात नव्हतीच. थंड पाण्यात जंत सावकाश वाढतो आणि त्याचे आकडे लांबतात, इतकंच. बाईंनी ऋतू बघितला होता आणि त्याला जात म्हटलं होतं. आणि दुसरीकडे आखूड आकड्यांच्या नेहमीच्या जंतांत, ज्यांना साहेबापासून आजपर्यंत सगळ्यांनी एकच म्हटलं, दोन वेगळे गट पडले. अक्षरांत इतका फरक, की शंकाच नको. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र तसूभर फरक नाही. एक साहेबाचा, आणि दुसरा आजवर कुणालाच न दिसलेला.

मी कागद घेऊन गिरगावला गेले. बाईंनी चष्मा पुसला, कागद खिडकीकडे धरला. त्यांना समजायला वेळ लागला नाही.

"पुन्हा कर," म्हणाल्या.

मी नवे नमुने घेऊन सगळं पुन्हा केलं. तेच आलं. दुसऱ्या खेपेला त्यांनी कागद वाचला, घडी घातली, आणि म्हणाल्या, "तुला रडू येतंय का? मलाही येतंय. दोघींनी एकदम नको, मग चहा कोण करणार?"

मी चहा केला. बाई खिडकीशी बसून होत्या. "गंमत बघ," त्या म्हणाल्या. "मी दोन पाहिले तिथे एक होता. आणि जिथे सगळ्यांनी एक पाहिला तिथे दोन. इतकी वर्षं ते माझ्या भिंगाखाली शेजारी शेजारी बसले होते. एकालाही मी हाक मारली नाही."

मी म्हटलं, "मग त्या नव्या जातीला बाबांचं नाव देऊ."

"नाही देता येत. एका प्रजातीत, म्हणजे जातींच्या एका गटात, एकदा वापरलेलं नाव पुन्हा वापरायचं नाही, खोटं ठरलं तरी. नियम आहे."

"मग थंडीतले नमुने या पेपरात नकोत. आधी नवी जात जाहीर करू, बाकीचं पुढे बघू."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे. "पुढे म्हणजे तुझे बाबा गेल्यावर, असंच ना?"

मी रिकामे कप उचलून मोरीशी नेऊन ठेवले.

"हे नाव मी ठेवलं. काढायचं तेही मीच काढणार. पेपरात पहिलं वाक्य तेच असेल. पण त्याआधी त्यांना सांगायला हवं, आणि तू सांगायचं नाही."

"का?"

"तू मुलगी आहेस. तू सांगितलंस तर ते तुझीच समजूत काढत बसतील. माझ्यावर त्यांना रागावता येईल."

बाई आता नाहीत. त्यांच्याबद्दल कुणी विचारलं की मी साखरपुड्यातल्या पापलेटाची गोष्ट सांगते, लोक हसतात. हे वाक्य मात्र सहसा सांगत नाही.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी बाई घोडपदेवला आल्या. जिना चढताना दोनदा थांबल्या. बाबा बनियनवर होते, बाईंना बघून शर्ट चढवायला आत गेले. आईने चहा टाकला. बाईंनी चहाची वाट बघितली नाही.

"मी तुमचं नाव परत घ्यायला आले आहे," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सगळं सांगितलं. थंड पाणी, आकडे, अक्षरं. सोपं करायला खोटं काही मिसळलं नाही. बाबा ऐकत होते. त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते आणि बोटं जराही हलत नव्हती.

"म्हणजे तो जंत आसा," बाबा सावकाश म्हणाले, "पण तो माझो नाय. सायबाचो."

"हो."

"माझा नाव पुसतले?"

बाईंनी श्वास घेतला. "पुसत नाहीत. साहेबाच्या नावाखाली बारीक अक्षरांत राहतं. कायम. पण चूक म्हणून राहतं. चूक माझी, नाव तुमचं. त्याचं मला वाईट वाटतं."

आईने चहाचे कप आणून ठेवले आणि ती दाराशी उभी राहिली. तिला सगळं कळलं नसावं, पण बाबांचं तोंड तिला वाचता येत होतं. बाबांनी भिंतीवरच्या फ्रेमकडे बघितलं. "ता काढू काय?"

"नका काढू," बाई म्हणाल्या. "चित्र बरोबर आहे. जसा होता तसाच काढलाय. नावच चुकलं."

खाली कुणाच्या तरी घरात टीव्हीवर मॅच चालू होती. मला वाटलं, बाबा आता उठून गॅलरीत जातील, नेहमी जायचे तसे. ते उठले नाहीत.

"बाई," ते म्हणाले, "तुमका ह्या कागदावर छापून टाकता इला असता. मी थोडोच वाचूक जातलंय."

"आलं असतं."

"जिनो चढून इलास." बाबांनी कप उचलला, पण प्यायले नाहीत. "आमची गिरण बंद झाली. संप मोडलो काय नाय मोडलो, नोकरी ऱ्हवली काय गेली. इतक्या वर्सांत आमका सांगाक कोणच इलो नाय. ना मालक, ना पुढारी. मी रोज दाढी करून बसत होतंय."

मी हे त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होते. आईने पदर तोंडाशी नेला. मग बाईंनी बशीत चहा ओतला, बाबांनीही ओतला, आणि दोघं फुंकर मारत प्यायले.

निघताना बाबा म्हणाले, "मी सोडतंय बसपर्यंत." गुडघे दुखतात म्हणून ते महिनोन्‌महिने खाली उतरले नव्हते. मी सोबत निघाले तर हातानेच मला थांबवलं. मी गॅलरीतून बघत राहिले. दोघं रस्ता ओलांडून बसथांब्याशी उभे राहिले. बाबा बोलत होते. एक हात वर धरून दुसऱ्या हाताने त्यात काहीतरी ओवावं तसं काही दाखवत होते, बहुधा धागा तुटला की काय करायचं ते. बाई वाकून बघत होत्या.

बस आली, थांबली. बाईंनी तिच्याकडे बघितलंही नाही. बस गेली आणि बाबा पुन्हा पहिल्यापासून दाखवायला लागले.